सावलीतलं पान

कडक सिगार पारखायला फार अक्कल लागत नाही. तो दोन झुरक्यांत घसा धरतो, आणि मग त्याच्यात उणं काय आहे हे कुणी विचारत नाही. ठेचा जहाल असला की मीठ कमी पडल्याचं कळत नाही, तसं. सौम्य सिगारला असा आडोसा नसतो. पान पुरतं मुरलेलं नसेल, वळणाऱ्याचा हात घाईचा असेल, साठवण चुकली असेल, सगळं उघड्यावर येतं. मुंबईतल्या एका आयातदारासाठी नमुने पारखायचं काम मी करतो. त्यात सौम्य मालाला सकाळची पहिली वेळ ठरलेली. त्याआधी आल्याचा चहा नाही, विडा तर नाहीच.

लहानपण निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत गेलं, त्यामुळे पान हाताळायची सवय होती. पण तिथे जे गुण म्हणून शिकलो, तेच इथे दोष म्हणून मोजावे लागले. निपाणीचा तंबाखू विडीचा. शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, म्हणजे झाडाचा सगळा कस मोजक्या पानांत उतरतो, वर ऊन. पान जाड झालं, त्यावर तपकिरी ठिपके उठले की शेतकरी खूश. सौम्य सिगारला रॅपर म्हणून जे कनेक्टिकट शेड पान चढवतात, ते याच्या नेमकं उलट हवं: पातळ, लवचिक, बारीक शिरांचं आणि एकसारख्या फिकट सोनेरी रंगाचं. एक ठिपका दिसला तरी प्रतवारीत ते खाली जातं.

हे पान उन्हापासून लपवून वाढवलेलं असतं. अमेरिकेच्या ईशान्येला कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात तंबाखू जुनाच, पण सुमात्राच्या पातळ पानाने तिथल्या शेतकऱ्यांचं गिऱ्हाईक पळवायला सुरुवात केली, तेव्हा 1900 साली विंडसर गावात कापडी मांडवाखाली तंबाखू लावून बघण्यात आला. मांडवाखाली ऊन चाळून येतं, दमटपणा टिकतो, पान रुंद आणि नाजूक होतं. तोडणी हाताने, खालच्या पानांपासून वर चढत. उन्हाळी सुट्टीत या कामाला विद्यार्थी येत. 1944 साली सिम्सबरीच्या शेतावर आलेल्यांत पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंगही होता. आता त्याच बियाण्याचं पान इक्वाडोरमध्येही पिकतं. तिथे आभाळ इतकं भरलेलं असतं की मांडवाची गरजच पडत नाही.

नमुना हातात आला की आधी त्याची पट्टी उतरवून क्रमांक चिकटवायला सांगतो. महागड्या पट्टीने चव वाढते हे मी माझ्या स्वतःच्या जिभेवरून सांगू शकतो, म्हणून ती डोळ्याआडच बरी. मग बोटांनी सबंध लांबी हलकेच दाबत जायचं. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. कुठे पोकळ लागलं तर तिथे सिगार तापणार. टोक कापून न पेटवताच ओढून बघतो. वाळलेल्या गवताचा, थोडा लाकडाचा वास आला तर ठीक. अमोनियाची चुणूक आली तर सिगार अजून तयार नाही.

या अमोनियापाशी जरा थांबायला हवं. वाळलेली पानं थप्पी लावून ठेवतात, थप्पी आतून तापते, उलटीपालटी करावी लागते, आणि त्या आंबण्यात अमोनिया निघून जातो. घाई केली तर तो पानात राहतो. कडक मालात तो जोमात खपून जातो. सौम्य मालात मात्र हिरवट, कच्ची, नाकाला झोंबणारी चव येते, आणि तिलाच ‘नाजूक चव’ म्हणून विकणारे कमी नाहीत. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप.

पेटवल्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: ताकद, भार आणि चव. ताकद निकोटिनची. झाडाच्या वरच्या पानांना, लिहेरोला, ऊन जास्त मिळतं, म्हणून ती पानं जोरकस. सौम्य मिश्रणात ती कमी घालतात आणि मधल्या सेको पानांवर भिस्त ठेवतात. भार म्हणजे धूर जिभेवर किती दाट वाटतो ते. चव या दोन्हींहून निराळी. ताकद कमी, भार बेताचा आणि तरीही चव भरपूर, हे जमलं तरच मिश्रण करणाऱ्याला दाद द्यावी. नाहीतर तो नुसता गरम वाफारा.

चव शोधायला जीभ पुरत नाही. तोंडातला थोडा धूर, छातीत न घेता, नाकावाटे सोडावा लागतो. तेव्हा भाजलेले शेंगदाणे, साय, ओलं लाकूड, शेवटी पांढऱ्या मिरीचा चिमटा असं काही लागतं. विक्रेत्यांच्या पत्रकांतली डझनभर फळं-फुलं मला आजवर सापडलेली नाहीत. तीन चवी नीट ओळखता आल्या आणि त्या अर्ध्या वाटेत बदलल्या, तर मी गुण देतो. मात्र घाई नको: मिनिटाला एक झुरका पुष्कळ. भराभर ओढलेला सौम्य सिगार कडू होतो आणि दोष सिगारला लागतो.

राखेला मी फारसे गुण देत नाही. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो, पण तो गुन्हेगार शोधत होता, चव नव्हे. राखेचा पांढरेपणा बराचसा मातीतल्या खनिजांचा.

मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत इथली हवा त्याच्या कितीतरी वर असते. पेटी उघडी राहिली की भरण फुगतं आणि ते पातळ रॅपर सगळ्यात आधी तडकतं. ओला सिगार आंबट लागतो, धड जळत नाही. असा नमुना आला तर मी त्याला नापास करत नाही. काही आठवडे नीट ठेवून पुन्हा पारखतो.

एक गैरसमज मात्र इथेच मोडायला हवा. सौम्य सिगार कमी घातक असतो असं गिऱ्हाईक हक्काने सांगतं. ते खोटं आहे. धूर छातीत न घेताही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. ओढत नसाल तर हा लेख वाचून सुरुवात करू नका.

जे ओढतातच, ते मला मोजपट्टी कुठली धरायची असं विचारतात. मी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणाऱ्या मॅकानुडो कॅफेचं नाव सांगतो: रॅपर कनेक्टिकट शेड, बाइंडर, म्हणजे रॅपरच्या आत भरण बांधून ठेवणारं पान, मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचा. बांधणीला जवळपास पूर्ण गुण, जळण्याला तेवढेच, चवीला मध्यमाहून थोडे वर. चकित करणारं त्यात काही नाही. बाकीचे सौम्य सिगार त्याच्या शेजारी ठेवून मोजावेत, आणि जो त्याच्यापेक्षा महाग असून चवीत त्याच्या पुढे जात नाही, तो परत पाठवावा.