टर्मिनलला कीबोर्ड पटवताना

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ साली आणलेल्या व्हीटी-२२० टर्मिनलचा कीबोर्ड, एलके-२०१, टेलिफोनच्या रिसीव्हरला असतो तसल्या चार तारांच्या लहान प्लगने जोडला जातो. एका तारेतून १२ व्होल्ट येतात, एक ग्राउंडची, उरलेल्या दोन संदेशांच्या: एक जाणारी, एक येणारी. जुने टर्मिनल हाती लागते तेव्हा हा कीबोर्ड पुष्कळदा सोबत नसतो. भंगारात निघताना दोघांची ताटातूट झालेली असते. त्याच्याविना पडद्यावर अक्षरे उमटू शकतात, पण सेट-अपमध्ये शिरता येत नाही, म्हणजे साधा बॉड रेटसुद्धा बदलता येत नाही. अशा वेळी आजचा यूएसबी कीबोर्ड आणि टर्मिनल यांच्यामध्ये मायक्रोकंट्रोलरचा दुभाषा, म्हणजे डबीतला ॲडॅप्टर, बसवतात. टर्मिनलच्या आतल्या एकाही तारेला हात न लावता हे साधते, आणि ते तसेच साधावे.

पहिला प्रश्न विजेचा. यूएसबीला ५ व्होल्ट लागतात. साध्या लिनियर रेग्युलेटरने १२ चे ५ केले, तर उरलेल्या ७ व्होल्टची उष्णता होते. ३०० मिलिअँपिअर ओढणाऱ्या, दिव्यांनी उजळलेल्या कीबोर्डामागे ती दोन वॅटच्या वर जाते आणि बंद डबीत रेग्युलेटर भाजून निघतो. तिथे स्विचिंग पद्धतीचा बक कन्व्हर्टरच हवा. संदेशांच्या तारांवर १ हा आकडा ऋण व्होल्टेजने आणि ० धन व्होल्टेजने दाखवला जातो. मायक्रोकंट्रोलरच्या पिना थेट जोडल्या तर त्या जळण्याची शक्यता असते, म्हणून मध्ये मॅक्स-२३२ सारखी चिप लागते. वेग मात्र ठरलेला आणि निवांत आहे: सेकंदाला ४८०० बिट.

खरे काम त्यापुढे सुरू होते. टर्मिनल चालू होताच कीबोर्डाची विचारपूस करते. स्वतःची तपासणी करून कीबोर्डाने चार बाइट पाठवायचे असतात: दोन ओळखीचे, दोन दोष कळवणारे. दोष नसेल तर शेवटचे दोन्ही शून्य. नंतर कळांच्या कोणत्या गटाने कसे वागावे याच्या आज्ञा येतात, आणि त्यांची पोच द्यावी लागते. इथे गप्प राहणारा ॲडॅप्टर टर्मिनलच्या लेखी नादुरुस्त कीबोर्डच ठरतो, मग त्याच्या अक्षरांचा तक्ता कितीही अचूक असो.

अक्षरांचा तक्ता हा त्या मानाने सोपा भाग. ‘ए’ची कळ यूएसबीत ४ क्रमांकाची, एलके-२०१ मध्ये १९४, एकदा जुळवले की झाले. बोलण्याची रीत मात्र वेगळी आहे. यूएसबी कीबोर्ड ‘या क्षणी या कळा दाबलेल्या आहेत’ अशी आठ बाइटांची यादी देतो. काय बदलले ते मागच्या यादीशी ताडून शोधावे लागते. एलके-२०१ फक्त घटना सांगतो. साधी कळ दाबली की एकदाच क्रमांक, सोडली की मौन. शिफ्ट आणि कंट्रोल यांचे तसे नाही. त्यातली एक सोडताना दुसरी अजून दाबलेली असेल, तर सोडलेल्या कळेचा क्रमांक पुन्हा जातो. शेवटची सुटली की १७९ जातो, म्हणजे ‘सगळ्या वर’. त्यातच एलके-२०१ च्या डाव्या-उजव्या शिफ्टला १७४ हा एकच क्रमांक आहे, तर यूएसबीत त्या दोन निराळ्या आहेत. दोन्ही दाबून एक सोडली तर टर्मिनलला काहीच कळवायचे नसते. हा हिशेब चुकला की शिफ्ट अडकते आणि आज्ञा भलत्याच जातात. नव्याने ॲडॅप्टर करणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ इथेच खर्ची पडतो. कळ दाबून धरली की तोच क्रमांक पुन्हापुन्हा न पाठवता १८० हा ठेक्याचा संकेत पाठवायचा असतो, आणि तो ठेका यूएसबी कीबोर्ड देत नाही, ॲडॅप्टरनेच मोजायचा.

टर्मिनलची घंटा आणि कळांची टिकटिक हीसुद्धा कीबोर्डातच असते. त्यामुळे आजचा मुका कीबोर्ड जोडल्यावर कंट्रोल-जीची घंटा वाजत नाही. डबीत एक छोटा पिएझो बझर बसवणे हा लाड नव्हे. होल्ड स्क्रीन, लॉक, कंपोज, वेट असे दिवे एलके-२०१ वर चार आणि आजच्या कीबोर्डावर तीन. वेटचा दिवा डबीवर लावणे सोयीचे पडते.

राहते मांडणी. कळेवर छापलेल्या नावापेक्षा बोटाची जागा जपावी. नमलॉकच्या जागी पीएफ-१ असायची, व्हीएमएस या कार्यप्रणालीवरच्या ईडीटी संपादकाची ‘गोल्ड’ कळ. म्हणून नमलॉकने तेच काम करावे. पण व्हीटी-२२० च्या अंकपाटीवर १८ कळा आहेत, आजच्या पाटीवर १७. उंच अधिकाच्या कळेच्या जागी तिकडे दोन कळा होत्या: वर उणे, खाली स्वल्पविराम. ईडीटीत उणे शब्द पुसते, स्वल्पविराम एक अक्षर. एका कळेला दोन्ही कामे देण्यासाठी शिफ्ट वापरता येत नाही, कारण ती टर्मिनलची आहे; एलके-२०१ वर नसलेली ऑल्ट मात्र मोकळी आहे. नुसत्या अधिकाला स्वल्पविराम द्यावा आणि ऑल्टसह उणे, म्हणजे बोट चुकले तरी जाते ते एकच अक्षर.