विहारचा वाघ आणि .३१५ बोअरची रायफल

जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल विकत घेऊ पाहणारा हौशी माणूस आधी अक्रोडाचा दस्ता न्याहाळतो, मग नळीवर कोरलेले कारागिराचे नाव वाचतो. तिचा खरा इतिहास मात्र नळीच्या व्यासात दडलेला असतो.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे अशक्य केले. युरोपीयांना मात्र त्यातून दीर्घकाळ सूट होती. पण सरकारचे भय एवढ्याने शमले नाही. लष्कराची गोळी खाजगी बंदुकीत बसू नये, म्हणून .४५० आणि .३०३ या मापांवर बंधने आली. इंग्लंडच्या बंदूककारांनी लगोलग .४६५ आणि .४७० अशी मापे काढली. याच बंधनामुळे हिंदुस्थानात .३१५ रुजले. स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या सरकारी कारखान्यातून निघालेल्या .३१५ रायफलीची यंत्ररचना सैनिकाच्या ली-एनफिल्डचीच होती, फक्त काडतूस निराळे! साहेब गेला, त्याचा संशय तेवढा कायद्यात उरला.

संस्थानिक दुनळी रायफल घेत. तिच्या दोन्ही नळ्यांचा नेम हाताने जुळवावा लागे, म्हणून ती अतिशय महाग पडे. पगारावर जगणाऱ्या शिकाऱ्याला माउझर धर्तीची एकनळी बोल्ट-ॲक्शन परवडे. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच जातीची.

मुंबईच्या शिकाऱ्याला वाघासाठी तराईत जाण्याचीही गरज नव्हती, कारण साष्टीच्या रानात तो होता. १९२९ साली विहार तलावाच्या परिसरात वाघ मारला गेल्याची नोंद आहे. पवई आणि मुलुंडच्या मधले हे रान! त्यानंतर इथे वाघ बंदुकीच्या टप्प्यात आल्याचे फारसे ऐकिवात नाही. रायफली मात्र घराघरांत वारशाने उतरत राहिल्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार थांबवली, १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. याच कायद्याचे ३४ वे कलम इतिहासप्रेमींनी मुद्दाम वाचावे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपले नाव वन्यजीव अधिकाऱ्याकडे नोंदवायचे असते. त्या कक्षेत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हे कलम लागू आहे.

आता नकाशावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती १० किलोमीटरची रेघ ओढून पाहा. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, सारी उपनगरे तिच्या आत येतात. विहार तलाव तर उद्यानाच्याच हद्दीत आहे, आणि त्याच्या काठी आज बिबटे फिरतात.