होल्डनचे एकटेपण

न्यूयॉर्कच्या पेन स्थानकावर रात्री उतरलेला सोळा वर्षांचा मुलगा टेलिफोनच्या खोलीत शिरतो. थोरला भाऊ हॉलिवूडला, फार दूर. धाकटी बहीण एव्हाना झोपलेली असणार, आणि फोन उचलणार ते आईवडील. एका मैत्रिणीच्या घरी विचारावे असे वाटते, पण मन घेत नाही. वीस मिनिटांनी तो कोणालाही फोन न करता बाहेर पडतो. शहर त्याचेच, घरही त्याच शहरात.

हा होल्डन कॉलफिल्ड, जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा निवेदक. वडील कंपन्यांचे वकील, घरात कशाची ददात नाही. चार विषयांत नापास झाल्यामुळे पेन्सी या निवासी शाळेने त्याला काढून टाकले आहे, आणि शाळेचे पत्र घरी पोचेपर्यंत त्याला घरी तोंड दाखवायचे नाही. जगातील बहुतेक माणसे त्याला बेगडी वाटतात आणि तसे तो पानोपानी बजावतो. हा मुलगा फार किरकिऱ्या आहे, असे अनेक वाचकांना वाटते. ते अगदीच खोटे नाही. शिवाय तो स्वतः सराईतपणे थापा मारतो. पण त्याच्या काही किरकिरी ऐकण्यासारख्या आहेत. आधीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक रविवारी भेटीस येणाऱ्या पालकांशी फार गोड बोलत. मात्र कोणाची आई स्थूल वा साधीसुधी असली, कोणाचे वडील जुन्या वळणाचा सूट घालून आले, की नुसते हस्तांदोलन, एक खोटे हसू, आणि पावले दुसऱ्या पालकांकडे. मुले वसतिगृहात ठेवणाऱ्या घरांना हे दृश्य परके वाटू नये.

त्याच्या वैतागाचे मूळ मात्र शाळेत नाही. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेला, तेव्हा होल्डन १३ वर्षांचा होता. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि मुठीने तिथल्या सगळ्या काचा फोडल्या. हात जायबंदी झाल्याने तो रुग्णालयात होता, आणि म्हणून भावाच्या अंत्यविधीलाही नव्हता. घरच्यांनी त्याच्यावर मानसोपचार करण्याचा विचार केला. कोणी त्याला जवळ घेऊन रडले, असे तो कोठे सांगत नाही. अ‍ॅलीचा बेसबॉलचा हातमोजा त्याने जपून ठेवला आहे. मैदानात उभे असताना वाचायला काही हवे, म्हणून अ‍ॅलीने त्यावर हिरव्या शाईने कविता उतरवल्या होत्या. शाळेतील खोलीतला सोबती एकदा स्वतःचा निबंध होल्डनकडून लिहून घेतो; विषय असतो एखाद्या खोलीचे किंवा घराचे वर्णन. होल्डन त्या हातमोज्याविषयी लिहितो. सोबती चिडतो, होल्डन कागद परत घेऊन फाडून टाकतो.

मराठीत ‘स्मशानवैराग्य’ हा शब्द काहीशा उपहासाने वापरतात, कारण ते परतीच्या वाटेवरच ओसरते. होल्डनचे ओसरलेले नाही. तरीही त्याला वैराग्य म्हणता येणार नाही. बारा भावनांपैकी एकत्व भावनेत जीव एकटा येतो, एकटाच जातो, याचे चिंतन आहे, आणि ते चिंतन आसक्ती सैल करते. होल्डनची आसक्ती तसूभरही सैल होत नाही. सेंट्रल पार्कचे तळे गोठल्यावर तिथली बदके कोठे जातात, असे तो टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर प्रत्येक रस्ता ओलांडताना आपण नाहीसे होऊ या भीतीने तो मृत भावाची विनवणी करतो, आणि पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरही धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने असाच हादरतो, तो वयाने बराच मोठा, एवढेच.

सॅलिंजर स्वतः व्यापाऱ्याचा मुलगा. वडिलांचा व्यवसाय चीज आणि मांसाच्या आयातीचा. धंदा शिकण्यासाठी मुलाला व्हिएन्ना आणि पोलंडमध्ये पाठवले गेले. तिथल्या कत्तलखान्यातील काम पाहून आलेल्या त्या तरुणाने वडिलांच्या पेढीवर पाऊल ठेवले नाही. पुढे ६ जून १९४४ रोजी तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा होल्डनविषयीची काही पाने त्याच्याजवळ होती.

कादंबरीतला सर्वांत जड प्रसंग घरातलाच आहे. होल्डन चोरासारखा स्वतःच्या घरात शिरतो आणि दहा वर्षांच्या बहिणीला, फीबीला, उठवतो. तुला आवडते अशी एक तरी गोष्ट सांग, असे ती म्हणते. पुष्कळ विचार करून तो अ‍ॅलीचे नाव घेतो. अ‍ॅली तर गेला, असे ती म्हणते. माणूस गेला म्हणून आवडेनासा होत नाही, असे तो उत्तर देतो. इतक्यात आईवडील समारंभाहून परततात आणि तो कपाटात लपतो. आई खोलीत येते, तिला सिगारेटचा वास येतो. आपणच एक झुरका घेतला, असे सांगून फीबी दोष स्वतःवर घेते. अ‍ॅलीच्या दुःखातून न सावरलेली ती आई, डोके दुखते म्हणून निघून जाते. दोन हातांवर कपाटात मुलगा उभा आहे, हे तिला कळत नाही. जाण्यापूर्वी तो बहिणीकडे थोडे पैसे मागतो. नाताळच्या खरेदीसाठी साठवलेले सगळे पैसे ती त्याच्या हातात ठेवते. तेव्हा तो रडू लागतो, आणि त्याला आवरता येत नाही.

हे सारे तो उपचारासाठी ठेवलेल्या ठिकाणाहून, १७व्या वर्षी सांगतो. सांगून झाल्यावर त्याला सगळ्यांचीच आठवण येऊ लागते. निबंधावरून चिडलेल्या सोबत्याची येते, आणि ज्याने मारहाण करून पाच डॉलर उकळले त्या लिफ्टवाल्याचीही.