तळ्यातलं हिरवं पाणी आणि शिकारी कुत्रा



शिकार करून मारलेलं मांस आपल्यात चालत नाही. मग शिकारी कुत्र्याचा विषय आपल्या अंकात कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत, तळ्याकाठी खेळतात, कुत्री पाळतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात, टोलेडो शहराजवळ राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने तिच्याकडे होते. शेजारी एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची काळी लॅब्रॅडॉर कुत्री, डेझी. मालकाने मारलेलं बदक पाण्यात पडलं की पोहत जाऊन ते अलगद तोंडात धरून आणायचं, हे तिचं काम. बदकांचा हंगाम तिकडे सप्टेंबरपासून, पण शिकवणी ऐन उन्हाळ्यात. बदकाऐवजी एक डमी पाण्यात फेकायची आणि कुत्रीने ती आणायची. माझा नऊ वर्षांचा नातू रोज त्यांच्याबरोबर जायचा. डमी फेकायचं काम त्याचं!

ऑगस्टमध्ये एकदा मीही गेले. आठवडाभर कडक ऊन होतं, वारा नव्हता. शेततळ्याच्या एका काठाला कुणी हिरव्या रंगाचा डबा ओतावा तसा थर आला होता. नातवाने डमी उचलली तोच शेजाऱ्यांनी त्याचा हात धरला. "आज नाही." डेझी पाण्याकडे बघत, हुकुमाची वाट बघत थरथरत होती. नातू रडवेला झाला. तेव्हा ते गृहस्थ खाली बसले आणि त्यांनी त्याला आपल्या आधीच्या कुत्रीची गोष्ट सांगितली. ती अशाच पाण्यातून बाहेर आली, अंग चाटलं, आणि तासाभरात तिचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टरकडे पोचायच्या आधीच ती गेली. ते म्हणाले, "ती आपल्या मनाने पाण्यात गेली नव्हती. मी 'जा' म्हटलं म्हणून गेली."

हे वाक्य माझ्या मनात बसलं. शिकवलेला कुत्रा पाणी बघत नाही, तो मालकाचा शब्द ऐकतो. म्हणून पाणी बघणं हे माणसाचं काम.

हा थर म्हणजे आपल्या विहिरीच्या पायरीवरचं साधं शेवाळ नव्हे. त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण खरं तर ते सूक्ष्म जीवाणू आहेत. शेतातलं खत पावसाने वाहून आलं, पाणी तापलं आणि संथ राहिलं की ते फोफावतात. त्यातले काही विष तयार करतात. एक विष यकृत बिघडवतं, दुसरं थेट मज्जातंतूंवर जातं आणि थोड्याच वेळात जीव घेतं. त्यावर नेमका उतारा नाही. शिकारी कुत्र्याला धोका जास्त, कारण तोंड उघडं ठेवून पोहताना तो पाणी गिळतो आणि मग केसांना चिकटलेला थर चाटतो.

ही गोष्ट नवी नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका सरोवरावर असं पाणी पिऊन जनावरं मेल्याचं १८७८ साली छापून आलं होतं. टोलेडोलाच ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातलं हे विष नळाच्या पाण्यात आलं, आणि चार लाखांच्या वर लोकांना दोन-तीन दिवस ते पिता आलं नाही. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने पाणी आटतं, विष तसंच राहतं. आपल्या किनेरेतमध्येही १९९४ साली असं विषारी शेवाळ वाढलं होतं.

शेजाऱ्यांकडून शिकलेल्या गोष्टी सांगते. पाणी वाटाण्याच्या सूपासारखं दिसलं, रंग सांडल्यासारखं दिसलं किंवा घाण वास आला, तर कुत्र्याला सोडू नये. काठी बुडवून बघावी. लांब धागे लटकले तर ते बहुधा साधं शेवाळ, रंगासारखा लेप बसला तर सावध. पण ही फक्त अंदाजाची खूण. विष आहे की नाही ते तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून शंका आली की परत फिरावं. वारा थर एका काठाला ढकलतो, तेव्हा दुसरा काठ स्वच्छ दिसला तरी फसू नये. काठावर वाळलेल्या पापुद्र्यांनाही कुत्र्याला तोंड लावू देऊ नये. घरून पिण्याचं पाणी न्यावं, म्हणजे तहानेने तो तळ्याला तोंड लावत नाही. चुकून गेलाच पाण्यात, तर हातमोजे घालून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा, अंग चाटू देऊ नये. लाळ गळणं, उलटी, लटपटणं, आचके, यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं.

आमचे आजोबा कोकणातल्या तेलाच्या घाण्याच्या गोष्टी सांगायचे. ते म्हणायचे, बैलाला आधी पाणी, मग आपण. आणि ते पाणी स्वतः बघून द्यायचं, कारण बैल बोलत नाही. कुत्राही बोलत नाही.

तेव्हा लेकरांनो, बॉल असो की काठी, पाण्यात फेकण्याआधी एकदा पाण्याकडे बघा. तुमच्या मागे जो उडी मारणार, तो तुमच्यावर विश्वास ठेवून मारणार आहे. सगळ्यांना, आणि तुमच्या मुक्या सोबत्यांनाही, सुखाचा उन्हाळा लाभो.