किक मारताना मूठ सोडा

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर उभं राहून घाम गाळणारा माणूस दिसला, की मी आधी त्याचा उजवा हात बघतो. बहुतेक वेळा मूठ पिळलेली असते, आणि किक तिथेच फुकट जाते.

या 350 बुलेटवर बऱ्याचदा मिककार्बचा व्हीएम 24 कार्बोरेटर असतो. त्याचा चोक हवा अडवत नाही. बॉडीच्या बाजूला पेट्रोलची एक वेगळी वाट आहे. चोक ओढला की त्या वाटेवरचा छोटा पिस्टन उचलला जातो आणि घट्ट मिश्रण मुठीने वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला उतरतं. ते खेचायला इंजिनची जोरदार ओढ लागते, आणि ती मिळते स्लाइड पूर्ण खाली बसलेली असताना. मूठ पिळली की मधल्या मोठ्या भोकातून हवा आत घुसते, ओढ मरते आणि चोक असून नसल्यासारखा होतो.

म्हणून कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी मी मुठीची केबल तपासतो. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं. ठोके वाढले तर केबल ताणलेली आहे, म्हणजे मूठ सोडूनही स्लाइड खाली बसत नाही. मग इग्निशनचे सी.बी. (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट. फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी, फिलर गेज लावूनच बघावी. कार्बोरेटरच्या नावाने येणाऱ्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. पॉइंट जळलेले असताना एअर स्क्रू फिरवत बसणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यात बरी असलेली सेटिंगही हातची जाते.

पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढली आणि ती चोकवर सुरू होऊन चोक बंद करताच मरते, तर दोष स्लो जेटचा समजा. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर त्या बारीक भोकात बसतो. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट बाद. क्लीनरमध्ये भिजवून हवेने उडवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामा करून ठेवावा.

एवढं झालं की मगच ट्यूनिंग, तेही आठ-दहा किलोमीटर फिरवून आणलेल्या इंजिनवर. इंजिन बंद करून एअर स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्या. जोर लावला तर टोक मोडतं. तिथून दीड आटा सोडा. इंजिन सुरू करून आयडलिंग थोडं चढवा आणि एअर स्क्रू पाव-पाव आटा आत-बाहेर करत ठोके सर्वांत जलद आणि एकसारखे पडतात ती जागा शोधा. मग आयडलिंगचा स्क्रू सोडून रेस उतरवा. या कार्बोरेटरचा स्क्रू हवेचा आहे: आत घेतला की मिश्रण घट्ट, सोडला की पातळ. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवा विरळ असते, तिथे मुंबईची सेटिंग घट्ट पडते. थोडा स्क्रू सोडावा लागतो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर. चोक ओढा, चावी फिरवा, किक सावकाश दाबत ॲमिटरचा काटा मध्यावर आणा. डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. आता मूठ न पिळता पूर्ण, सलग किक.

गरम गाडी रुसत असेल आणि प्लग काळा-ओला निघत असेल, तर चोकच्या छोट्या पिस्टनखालचं रबर बघा. ते कडक झालं की चोक बंद असतानाही पेट्रोल झिरपत राहतं. तो पिस्टन बदलणं फार खर्चाचं नाही, तरी त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं.