जुना ॲम्प्लिफायर घेताना

घरी गाणे ऐकणाऱ्या आपणांपैकी अनेकांना पॉवर ॲम्प्लिफायर नावाची स्वतंत्र वस्तू असते हे ठाऊक नसेल, आणि त्यात नवल नाही. सामान्य संचात सारे काही एकाच पेटीत सामावलेले असते. चोखंदळ श्रोते मात्र दोन पेट्या वेगळ्या ठेवतात. पहिली आवाज कमीअधिक करते. दुसरी त्या क्षीण संकेताला स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ देते. या दुसऱ्या पेटीचे काम एवढेच; पण उत्तम प्रतीची नवी घ्यावयाची तर लाखांची भाषा बोलावी लागते. म्हणून माझ्यासारखे लोक जुन्या पेट्यांच्या शोधात असतात.

बडोद्यातील आमच्याच वाड्याजवळ एक वृद्ध काकू राहतात. त्यांच्या यजमानांनी १९७८ साली इंग्लंडहून ‘क्वाड ४०५’ आणला होता. हंटिंग्डन येथील पीटर वॉकर यांच्या कारखान्यात १९७५ मध्ये तयार होऊ लागलेली ही पेटी दर बाजूस १०० वॉट देते. तिची रचना मोठी मनोरम आहे. आत एक लहान, अचूक पण अशक्त ॲम्प्लिफायर आणि त्याच्या हाताखाली दांडगे ट्रान्झिस्टर. मोठ्या कुटुंबात वडीलधारी बाई बसल्या जागेवरून घर चालविते आणि तरणी मुले पाणी भरतात, तसेच हे. मुलांच्या हातून सांडले-लवंडले तर बाई सावरून घेते. शिवाय आत जुळवणीचा एकही स्क्रू नाही; त्यामुळे आधीच्या मालकाने काही पिळून ठेवले असेल ही धास्ती उरत नाही.

यजमान गेल्यापासून नऊ वर्षे पेटी बंद होती. “भंगारवाला पाचशे देतो म्हणतो. तुम्ही हजार द्या आणि न्या,” काकू म्हणाल्या.

वाचकहो, खरेदीतील खरा पेच तो हाच. चालू स्थितीतील अशा पेटीला त्याच्या कित्येक पट रक्कम मिळते हे मला ठाऊक होते, काकूंना नव्हते. मी ते त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. “मग यात सोने आहे की काय?” आणि परदेशस्थ मुलाला विचारून कळविते म्हणाल्या. आठ दिवस काही कळले नाही. पेटी हातची गेली असेच मी धरून चाललो होतो. नवव्या दिवशी निरोप आला: मुलाने दर पाहिले आहेत, चालू पेटीची पूर्ण किंमत द्यावी.

आता उलट बाजू मांडणे मला भाग होते. नऊ वर्षे निजलेली पेटी ‘चालू’ म्हणता येत नाही. आतील मोठे कंडेन्सर न वापरता पडून राहिले की त्यांतील संरक्षक थर क्षीण होतो. अशा पेटीला एकदम २३० व्होल्ट दिले तर ते फुगतात, क्वचित फुटतातही. तेव्हा काकूंच्या देखतच तपासणी करावयाची असे ठरले. माझ्या ओळखीचे एक कारागीर डिमरस्टॅट आणि सिरीज बल्ब घेऊन आले. बल्ब पेटीच्या वाटेत जोडतात. पेटीत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि पेटी वाचते. सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. आमचा मंदावला. मग डिमरस्टॅटने तासाभरात हळूहळू दाब वाढविला. स्पीकरच्या खुंट्यांवर मीटर लावला. काही वाजत नसताना तेथे थोड्या मिलिव्होल्टांपलीकडे काही दिसू नये. डावी बाजू निर्दोष. उजवीकडे जवळजवळ २०० मिलिव्होल्ट. झाकण काढले तर एका कंडेन्सरचे डोके फुगलेले. (हे घरी करून पाहू नये, वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका साठा राहतो.)

कोणी विक्रेता ‘आत हातही लावलेला नाही’ असे अभिमानाने सांगू लागला, तर मला तो गुण वाटत नाही. पन्नास वर्षांच्या यंत्रात चांगल्या हातांनी बदललेले कंडेन्सर असावेत, हे केव्हाही बरे.

कारागिरांनी दुरुस्तीचा आकडा कागदावर लिहिला, चालू पेटीच्या किमतीतून तो वजा केला आणि उरली ती रक्कम काकूंनी दोनदा मोजून घेतली. मुलाला फोन त्यांनीच केला; तो काय म्हणाला ते मी विचारले नाही.

दुरुस्तीनंतर अमीर खाँ साहेबांचा मारवा लावला. विलंबितातील दोन स्वरांमधल्या शांततेत ॲम्प्लिफायरची गुणगुण ऐकू येते की नाही, ही माझी परीक्षा. ती ऐकू आली नाही. मात्र सीडी लावताच बटण केसभर फिरविले तरी घर दणाणू लागले. ही पेटी अर्ध्या व्होल्टात पूर्ण जोर गाठते, आणि सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो.

काकूंनी पेटीबरोबर एक जुनी केबल दिली होती, यजमानांनी स्वतः डाख देऊन केलेली. ती नादुरुस्त समजून कारागीर टाकून देणार होते. मी प्लग उघडला. आत, दोन्ही बाजूंना, संकेत कमी करणारे इवलेसे रेझिस्टर नीट बसविलेले होते.