सहावीच्या वर्गातली उतरंड

कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना प्राचीन जगाचा इतिहास शिकवतात. आदिमानवापासून सुरुवात होते आणि मग मेसोपोटेमिया, इजिप्त, प्राचीन इस्रायल, ग्रीस, भारत, चीन, रोम असा सगळा पसारा एका वर्षात उरकायचा असतो. राज्याच्या शिक्षण मंडळाने 1998 मध्ये जी मानकं मंजूर केली, त्यांत भारताच्या वाट्याला सात कलमं आली. नद्या, आर्यांचं आगमन (मानकांतला शब्द आक्रमणाचा आहे), ब्राह्मणधर्मापासून हिंदू धर्मापर्यंतचा प्रवास, जातिव्यवस्थेची रचना, बुद्धाचं जीवन आणि शिकवण, मौर्य आणि अशोक, आणि शेवटी साहित्य, वैद्यक, धातुविद्या, गणित, शून्य. आपल्या देशाबद्दल इथल्या बहुतेक मुलांना शाळेत जे कळतं ते या सात ओळींतून. सातवीला मध्ययुग येतं, पण त्या मानकांत भारताला स्वतंत्र प्रकरण नाही. त्यानंतर भारत भेटतो तो थेट दहावीत, इंग्रजांची वसाहत म्हणून.

माझी मुलगी 2016 च्या सुरुवातीला चौथ्या कलमापाशी पोचली. शिक्षिकेने एक कागद दिला होता. त्यावर त्रिकोण, त्रिकोणात चार आडवे थर आणि तळाच्या रेषेखाली वेगळी चौकट. नावं लिहायची, रंग भरायचे. शेजारच्या मुलाने तिला सरळ विचारलं, तू यातल्या कुठल्या थरातली? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इजिप्तच्या धड्यातही असाच त्रिकोण होता, पण वर्गात फॅरोचं कुणी नव्हतं. माझी मुलगी होती.

रात्री जेवताना तिने तोच प्रश्न आम्हाला विचारला. तिचे बाबा म्हणाले, ‘‘आता ते काही राहिलेलं नाही गं.’’ ती म्हणाली, ‘‘मग बाईंनी ‘आहे’ असं का लिहिलंय?’’ आम्ही दोघं गप्प बसलो. साताऱ्याला माझ्या माहेरी जातीचा विषय कधी निघत नसे आणि त्याचं कारण आम्ही उदार होतो असं नाही. आम्हाला तो काढायची गरजच पडत नसे.

नेमक्या त्याच महिन्यांत राज्यात सामाजिक शास्त्रांच्या आराखड्यावर वाद पेटला होता. मानकं 1998 चीच राहणार होती. ती वर्गात कशी शिकवायची, कशावर भर द्यायचा, हे सांगणारा जाडजूड आराखडा नव्याने लिहिला जात होता. 2009 मध्ये राज्याकडे पैसे नव्हते म्हणून ते काम अर्धवट थांबलं होतं. आराखड्याकडे शिक्षक बघतात आणि त्याहून जास्त प्रकाशक बघतात, कारण कॅलिफोर्नियाएवढं गिऱ्हाईक त्यांना सहज मिळत नाही. त्यामुळे मसुद्यातल्या एकेका शब्दासाठी लोक भांडतात. 2005-06 मध्ये हेच झालं होतं. तेव्हा हिंदू संघटनांनी पाठ्यपुस्तकांत दुरुस्त्या सुचवल्या, हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी त्यांना विरोध केला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

या वेळी वादाला तोंड फुटलं ते दक्षिण आशियाचा अभ्यास करणाऱ्या काही प्राध्यापकांनी सुचवलेल्या बदलांमुळे. मसुद्यात काही ठिकाणी ‘भारत’ऐवजी ‘दक्षिण आशिया’ लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर दिवसभर संदेश यायचे. भारताचं नाव पुसताहेत, सॅक्रामेंटोला चला, मुलांना घेऊन या. माझं त्यावरचं मत आजही बदललेलं नाही: चीन आणि ग्रीस ज्या यादीत त्याच नावाने आहेत, तिथे भारतही त्याच नावाने असावा. पण तेवढ्या एका मागणीने सगळी हवा खाऊन टाकली. माझ्या मुलीच्या त्रिकोणाबद्दल गटात मी लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की जातीचा उल्लेख कमी करा हीही आपली मागणी आहेच.

ते मला पटेना. उल्लेख गाळला की मुलीची अडचण टळेल हे खरं. पण अस्पृश्य म्हणून चवदार तळ्याचं पाणी ज्यांना पिऊ दिलं नव्हतं, त्यांच्या नातवंडांना आपण काय सांगणार?

19 मे 2016 ला सॅक्रामेंटोत सुनावणी होती. आम्ही गाड्या भरून गेलो. राज्याच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत माणसांची रांग लागली होती. प्रत्येकाला एक मिनिट, मग पुढचा. दहा-बारा वर्षांची मुलं इस्त्रीचे कपडे घालून पाठ केलेली वाक्यं म्हणत होती. कुणी सांगत होतं, वर्गात मला माझ्या धर्मावरून चिडवतात. शीख पालक होते. आमच्याच गाडीतल्या एका काकूंचा आवाज माइकपाशी गेल्यावर इतका कापायला लागला की मिनिट तसंच गेलं. मला त्या सगळ्यांबद्दल फार आपुलकी वाटली. परक्या देशातल्या सरकारी दालनात उभं राहून आपलं दुखणं मांडायला धैर्य लागतं. आणि कुणीही आलं तरी इथलं सरकार एक मिनिट का होईना ऐकून घेतं, याचं मोल मला मोठं वाटतं.

मग दुसऱ्या बाजूची माणसं आली. दलित कार्यकर्ते होते, त्यांच्याबरोबर इतर समाजांतले लोक होते. त्यांचं म्हणणं होतं, जात आणि अस्पृश्यता सौम्य करून लिहू नका, धर्मापासून अलगद वेगळी काढून ठेवू नका. आमच्या बाजूच्या खुर्च्यांतून कुजबुज झाली, ‘‘ही कुठली माणसं आणली यांनी?’’ ती कुठून आणलेली नव्हती. त्यातले काही इथल्या माझ्याच गावापासून तास-दोन तासांवर काम करणारे इंजिनिअर होते.

बाहेर पाण्याच्या नळापाशी मी फोनवर मुलीशी बोलत होते. फोन ठेवल्यावर मागून आवाज आला, ‘‘ताई, मराठी का?’’ चाळिशीचे गृहस्थ होते, नागपूरचे. त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर समोरच्या बाजूच्या संघटनेचं नाव होतं आणि माझ्या हातात आमच्या बाजूचं पत्रक. क्षणभर दोघंही अवघडलो. मग त्यांनीच विचारलं, मुलं कितवीला आहेत?

त्यांचा मुलगाही सहावीत होता. त्यालाही तोच त्रिकोण मिळाला होता. ते म्हणाले, ‘‘त्याने रंग भरले नाहीत, ताई. कागद दप्तरात दडवून ठेवला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्याने मला विचारलं. आम्ही इथे आलो तेव्हा वाटलं होतं, हा प्रश्न निदान त्याला तरी पडणार नाही.’’

मी त्यांना माझ्या मुलीचं सांगितलं. एकाच कागदाने दोन मुलांना अवघडून टाकलं होतं, एकीला वरच्या टोकाकडून आणि एकाला चौकटीबाहेरून. पण दोन्ही दुखणी सारखी नव्हती. माझ्या मुलीला लाज वाटली होती, त्यांच्या मुलाला भीती. मी तसं म्हटलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

‘‘मग तुम्ही काय सांगणार आत?’’ मी विचारलं.

ते म्हणाले, ‘‘दहा दिवसांपूर्वी शंभर वर्षं झाली. बाबासाहेबांनी 9 मे 1916 ला न्यूयॉर्कमध्ये, कोलंबियात, जातीवरचा निबंध वाचला. याच देशात. आणि इथल्या पोरांना काय शिकवतात, तर त्रिकोण. त्या त्रिकोणाला कोणीच कधी धक्का दिला नाही जणू.’’

मी म्हटलं, ‘‘पण सहावीत फक्त प्राचीन काळ आहे. बाबासाहेब, फुले कसे बसवणार?’’

‘‘बुद्ध आहे की, ताई. चौथं कलम जात, पाचवं बुद्ध. पुस्तकात दोन्ही शेजारी आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. उपालीची गोष्ट सांगा ना मुलांना. शाक्य राजपुत्रांबरोबर आलेल्या न्हाव्याला बुद्धाने आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावं. प्राचीनच आहे ते.’’

मला त्या सबंध दिवसात ऐकलेलं सर्वांत शहाणं बोलणं ते वाटलं. समित्या, प्राध्यापक, वकील, संघटना यांच्या ढिगाऱ्याखाली जे सापडत नव्हतं, ते नळापाशी सापडलं. उतरंड शिकवायचीच, पण ती ज्यांनी हलवली त्यांच्यासकट. मग त्रिकोणातल्या कुठल्याही मुलाला उभं राहायला जागा मिळते. माझ्या मुलीला उपालीला वंदन करणारा राजपुत्र होता येतं. त्यांच्या मुलाला उपाली होता येतं. आणि शेजारच्या गोऱ्या मुलालाही कळतं की हिंदुस्थानातली माणसं हजारो वर्षं मुकाट बसलेली नव्हती.

माझा क्रमांक आला तेव्हा मी पत्रकावरचं वाक्य वाचलं नाही. मी सांगितलं की 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आठवीच्या वर्गात तुम्ही मुलांना अमेरिकेतली गुलामी आणि यादवी युद्ध शिकवता. हे पुस्तक तुमच्याच लोकांना अर्पण केलेलं आहे, त्याचा उल्लेख मुलांना का मिळू नये? एवढ्यात वेळ संपला. आमच्या बाजूने दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या, समोरच्या बाजूनेही वाजवल्या. मला त्याचा आनंद झाला.

14 जुलै 2016 ला आराखडा मंजूर झाला. ‘भारत’ हा शब्द बहुतेक ठिकाणी राहिला आणि जातही राहिली. दोन्ही बाजूंनी काही मिळालं, काही गेलं असं सांगितलं. पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मंडळाने पाठ्यपुस्तकांचे दहा संच स्वीकारले, दोन नाकारले. या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट लोकांच्या लक्षातच आली नाही, ती मला मात्र फार महत्त्वाची वाटते. चौथीत इथली मुलं कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश मिशनांचा अभ्यास करतात आणि साखरेच्या खड्यांची किंवा आइसक्रीमच्या काड्यांची मिशनं बनवून नेत असत. माझ्या मुलीनेही नेलं होतं. तिथे मूळ रहिवासी कसे राबले, रोगांनी कसे मेले, हे त्या पांढऱ्या भिंतींत कुठे दिसायचं नाही. नव्या आराखड्याने स्पष्ट लिहिलं की असली मॉडेलं करून मुलांना फारसं काही कळत नाही. मूळ रहिवासी कितीतरी वर्षं हेच सांगत होते. सुनावण्यांचा काही उपयोग होत नाही असं कुणी म्हटलं, की मी हे उदाहरण देते.

सुनावणीनंतरच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर मी त्या शिक्षिकेला भेटले. वर्ष संपलं होतं, मुलगी सातवीत गेली होती, पण बाईंकडे पुढची सहावी आलेली होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. भारतासाठी त्यांच्या हाती दोन-तीन आठवडेच असतात आणि हा विषय त्या स्वतः कॉलेजात कधी शिकलेल्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. कागद त्यांना तयार मिळाला होता, तो त्यांनी वाटला. मी अर्धं पान लिहून दिलं. त्यात उपाली होता, बुद्धाची भिक्षुसंघाची कल्पना होती आणि शेवटी दोन ओळी आंबेडकरांवर: कोलंबियात शिकलेल्या या माणसाने 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. प्राचीन धडा आजपर्यंत येऊन पोचतो, हे मुलांना कळावं म्हणून. बाईंनी ते पान वर्गात वाचलं. मुलांनी विचारलं, ग्रीसमधल्या गुलामांच्या बाजूने कोण होतं? बाई म्हणाल्या, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

नागपूरच्या त्या गृहस्थांशी ओळख टिकली. बऱ्याच गोष्टींवर आमचं पटत नाही. राज्यात जातीवरून भेदभावाला बंदी घालणारं विधेयक आलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये ते नाकारलं, तेव्हा ते खूप चिडले होते. मीही त्यांच्या बाजूने होते, आमच्या घरात सगळे नव्हते. त्यावर आम्ही फोनवर तासभर बोललो.

चौथं कलम मात्र अजून 1998 चंच आहे: जातिव्यवस्थेची सामाजिक रचना थोडक्यात सांगा. ते बदलावं म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक ओळ लिहून मंडळाकडे पाठवली आहे. ‘ही रचना सांगताना तिला त्या काळात आणि नंतर कोणी आव्हान दिलं, कशाच्या आधारावर दिलं, हेही सांगावं.’ पहिल्या मसुद्यात मी उदाहरण म्हणून फुल्यांचं नाव घातलं होतं. त्यांनी उपालीचं घाला म्हटलं, सहावीला तेच बसतं म्हणून. शेवटी दोन्ही नावं ठेवली, उपालीचं आधी.